यंत्राचा आकार नंतर, आधी ‘बर’ पाहा

पुणे (प्रतिनिधी) - भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील लघुउद्योजकाची ऑर्डर अनेकदा सीएनसी यंत्रावर नव्हे, तर त्यानंतरच्या टेबलावर अडते. तेथे कामगार कानस घेऊन, छिद्रांच्या कडांना राहिलेला धातूचा धारदार पापुद्रा हाताने काढत बसलेले असतात. कारखान्यांच्या भाषेत हाच ‘बर’. ब्रेक किंवा इंधनाच्या यंत्रणेत असा एखादा कण सुटला, तरी झडप अडकू शकते. वाहनांच्या भागांवरील कण मोजण्याची पद्धत ठरवणारे ‘आयएसओ १६२३२’ हे मानक २००७ मध्ये आले. प्रत्यक्षात किती कण चालतील, हे मात्र ग्राहक कंपनी ठरवते आणि त्यात न बसलेला माल परत येतो.

हे काम यंत्रावर घ्यायचे ठरले, की विक्रेता विचारतो, ‘किती लिटरचे हवे?’ वास्तविक हा शेवटचा प्रश्न. काढायचे काय आहे, तेल, गंज की बर, हे आधी ठरले पाहिजे.

तेल आणि बारीक छिद्रांत अडकलेला चुरा काढण्यासाठी अल्ट्रासॉनिक टाकी उपयुक्त ठरते. साधारण २५ ते ४० किलोहर्ट्‌झच्या ध्वनिलहरींमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि मळ सुटतो. टाकी विकत घेण्यापूर्वी स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा तीत थोडा वेळ उभा धरावा. फॉइलवर सर्वत्र सारखी बारीक छिद्रे पडली, तर लहरी टाकीभर पोचतात, असे समजावे. घट्ट चिकटलेला बर मात्र या टाकीतून जात नाही.

त्यासाठी व्हायब्रेटरी यंत्र लागते. त्याच्या कंप पावणाऱ्या भांड्यात सुटे भाग आणि घासणारे तुकडे, म्हणजे ‘मीडिया’, एकत्र फिरतात. पोलादासाठी सिरॅमिक, तर अॅल्युमिनियम किंवा पितळेसाठी मऊ प्लॅस्टिकचा मीडिया बरा. सामान्यतः एक घमेले भागांमागे तीन घमेली मीडिया घेतात. मीडिया कमी पडला, की भाग एकमेकांवर आपटून खवले पडतात. तुकड्यांचे मापही महत्त्वाचे. ते छिद्राहून मोठे हवेत, नाहीतर सहज आरपार जातील इतके लहान; मधल्या मापाचे तुकडे छिद्रांत रुततात आणि ते काढायला पुन्हा माणूस बसवावा लागतो! शिवाय हे यंत्र फक्त बर काढत नाही, सगळ्याच कडा गोल करते. आटे असलेल्या किंवा मायक्रॉनमध्ये माप सांभाळायच्या भागांसाठी ते घातक ठरू शकते. फिरता पिंपही असतो; तो स्वस्त असला, तरी काम संथ करतो.

म्हणून माहितीपत्रकावर न विसंबता स्वतःचेच दोन-तीन किलो भाग घेऊन विक्रेत्याकडे जावे, आधी आणि नंतर मायक्रोमीटरने माप घ्यावे. जो विक्रेता अशी चाचणी टाळतो, त्याच्याकडे न गेलेलेच बरे.

चकाकीसाठी बफिंग करणाऱ्यांनी धुळीचा विचार यंत्राच्याही आधी करावा. चीनमधील कुनशान येथे २ ऑगस्ट २०१४ रोजी अॅल्युमिनियमच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात साचलेल्या धुळीचा स्फोट होऊन शंभराहून अधिक कामगारांचा बळी गेला. अॅल्युमिनियम आणि पोलादाची धूळ एकाच शोषक यंत्रणेत नेणे धोक्याचे आहे, कारण पोलादाची ठिणगी अॅल्युमिनियमची धूळ पेटवू शकते. वाळूचा मारा करून गंज काढण्याची पद्धत तर वर्ज्यच मानावी. तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो, आणि त्यात निकामी झालेले फुप्फुस पूर्ववत होत नाही. पोलादी छर्ऱ्यांचे बंदिस्त यंत्र हा त्याला पर्याय आहे.

खर्चाच्या हिशेबात झिजणारा मीडिया, साबण आणि मुख्यतः सांडपाणी धरलेले नसते. तेल आणि धातूचा गाळ मिसळलेले हे पाणी प्रक्रियेविना नाल्यात सोडले, तर ते पवनेत जाते. वाळवणीचेही तसेच. धुऊन तेल गेलेला पोलादी भाग पुण्याच्या पावसाळी हवेत पाहता पाहता गंजतो. त्यामुळे गरम हवेचा ड्रायर आणि गंजरोधक तेलाची टाकी यांची किंमत पहिल्याच कोटेशनमध्ये मागून घ्यावी.