पॉइंट पायपर : विक्रमी किमतींपलीकडचे उपनगर

सिडनी बंदराला लागून असलेले पॉइंट पायपर हे ऑस्ट्रेलियातील सर्वाधिक महागड्या उपनगरांपैकी एक. 2018 मध्ये येथील ‘फेअरवॉटर’ हा प्रासाद ‘ॲटलासियन’चे सहसंस्थापक माईक कॅनन-ब्रूक्स यांनी सुमारे 10 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना खरेदी केला. आदल्याच वर्षी शेजारची ‘इलेन’ ही वास्तू त्यांचे भागीदार स्कॉट फारक्वार यांनी सुमारे 7.1 कोटींना घेतली होती. दोन्ही वास्तू पूर्वी फेअरफॅक्स या वृत्तपत्र घराण्याच्या.

अशा सौद्यांवरून बाजाराचा कल ठरवणे मात्र फसवे ठरते. लोकसंख्या जेमतेम दीड हजारांच्या घरात. स्वतंत्र घरे वर्षाकाठी मोजकीच विकली जातात, काही तर जाहिरातीविनाच. परिणामी, किमतीचा मध्यक, म्हणजे अर्धे व्यवहार ज्याच्या वर आणि अर्धे खाली तो आकडा, एखाद-दुसऱ्या व्यवहारानेही झुकतो. सदनिकांचा हिशेब वेगळा ठेवला जात असल्याने त्याच रस्त्यांवर सदनिकांत, प्रसंगी भाड्याने राहणारे रहिवासी ‘घरांच्या किमती’च्या मथळ्यांत दिसतच नाहीत.

1 एप्रिल 2025 पासून दोन वर्षांसाठी परदेशी नागरिकांना, काही अपवाद वगळता, जुनी घरे घेण्यास मनाई करण्यात आली. तात्पुरत्या व्हिसावरील भारतीयही त्यात आले. कायमस्वरूपी निवासी मात्र नाहीत.