इंग्रजी खरंच किती आलं?

प्रगतिपुस्तकात इंग्रजीपुढे ‘अ’ दिसला की आपल्याला हायसं वाटतं. पण मूल गेल्या वर्षापेक्षा किती पुढे गेलं, दुसऱ्या गावातल्या मुलांच्या मानाने कुठे आहे, हे त्यावरून कळत नाही. प्रत्येक शाळेचा पेपर वेगळा, तपासणारा हात वेगळा. एकदा वितीने आणि एकदा टेपने कापड मोजलं, तर ब्लाउज कसा बसणार? म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजणाऱ्या चाचण्या असतात.

त्यातली एक ‘असर’. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ही पाहणी ग्रामीण भारतात होते. जिल्ह्यातली ३० गावं आणि गावातली २० घरं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडतात. कार्यकर्ते घरी येतात, म्हणजे शाळेत न जाणारं मूलही सुटत नाही. इंग्रजीची चाचणी असते तेव्हा एकेका मुलाला मोठी अक्षरं, लहान अक्षरं, सोपे शब्द आणि सोपी वाक्यं वाचायला देतात. वाक्य वाचलं, तर अर्थही विचारतात. तो मुलाने आपल्या भाषेत सांगितला तरी चालतो.

ही इंग्रजीची चाचणी दरवर्षी नसते. २०१६ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतली २४.७ टक्के मुलं सोपी वाक्यं वाचू शकत होती. २०२२ मध्ये २४.५ टक्के. आठवीचा आकडा ४५.३ वरून ४६.७ झाला. मधल्या काळात करोनामुळे शाळा बंद होत्या, तरी आकडा फार घसरला नाही, ही जमेची बाजू. पण पाचवीच्या चार मुलांपैकी तीन वाक्यापाशी अडतात, हेही खरं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. २०१६ ची पाचवी आणि २०२२ ची पाचवी, ही मुलं वेगवेगळी. त्यामुळे हा आकडा शिक्षणाची तब्येत सांगतो, तुमच्या मुलीची नाही. शिवाय ही चाचणी वाचन तपासते, बोलणं नाही.

आपल्या मुलीची वाटचाल बघायची, तर तिचीच तुलना तिच्याशी करायला हवी. आपल्या राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. २०२३-२४ पासून शासनाने वर्षात तीन चाचण्या सुरू केल्या: आधी पायाभूत, मग दोन संकलित. त्यांत इंग्रजीही आहे. पालकसभेत बाईंकडे तिन्ही पेपर मागा आणि शेजारी शेजारी ठेवा. पेपर कमीजास्त अवघड असू शकतात, म्हणून नुसते गुण मोजू नका. पहिल्या पेपरात कोरे सोडलेले प्रश्न तिसऱ्यात सुटलेत का, ते विचारा.

आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. घरी मुलीला पुस्तकातलं, न शिकवलेलं एक वाक्य वाचायला सांगा आणि मराठीत अर्थ विचारा. घडाघडा वाचलं पण अर्थ सांगता आला नाही, तर वाचता येतं, पण कळत नाही. तेवढं बाईंना सांगा.

इंग्रजी माध्यमाची फी भरायला दागिने मोडण्याआधी हे जरूर करा. आणि चाचणीत मूल मागे दिसलं, तर त्याला ‘ढ’ म्हणू नका. ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतं. त्यावरून आपण लेकराला रागवत नाही, औषध देतो.