३८१ दिवसांचा हिशेब

शाळेत इंग्रजी शिकवत असताना रोझा पार्क्सची गोष्ट मी मुलांना अनेकदा सांगितली आहे. दिवसभर शिवणकाम करून थकलेली एक बाई बसमध्ये बसते, गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नकार देते, तिला अटक होते, लोक बसवर बहिष्कार टाकतात आणि मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण धर्मोपदेशक त्यांना विजयापर्यंत घेऊन जातो. मुलांना ही गोष्ट आवडे. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, पण मग वर्षभर ती माणसं कामावर कशी जात होती?" माझ्याकडे उत्तर नव्हते. निवृत्तीनंतर ते शोधायला बसलो, तेव्हा लक्षात आले की अमेरिकेतील या चळवळीचे मर्म त्याच प्रश्नात आहे.

आधी ती बस कशी होती ते पाहू. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात १९५५ साली बसच्या ३६ आसनांपैकी पुढची १० गोऱ्यांसाठी राखीव असत. ती रिकामी असली तरी कृष्णवर्णीयाने तिथे बसायचे नाही. मागची १० कृष्णवर्णीयांची. मधल्या १६ आसनांवर कोणी बसायचे हे चालक ठरवी. अनेकदा कृष्णवर्णीय उतारूला पुढच्या दाराने चढून पैसे द्यावे लागत, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढावे लागे. तेवढ्यात बस निघूनही जाई. गंमत अशी, की या बसच्या उतारूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीयच होते. ज्यांच्या पैशावर बस चालत होती, त्यांनाच तिच्यात उभे राहावे लागत होते.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स मधल्या भागात बसल्या होत्या. त्या थकल्या होत्या हे आपण सांगतो; आत्मचरित्रात मात्र त्यांनी स्वतःच म्हटले आहे की शरीराचा थकवा रोजच्यापेक्षा जास्त नव्हता, कंटाळा होता तो सतत नमते घेण्याचा. त्या ४२ वर्षांच्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस म्हणून १९४३ पासून काम करत होत्या आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतील हायलँडर फोक स्कूल येथे कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. त्यांची कृती आधी ठरलेली नव्हती, पण ती अडाण्याची हट्टी कृतीही नव्हती.

बहिष्काराची कल्पनासुद्धा त्या संध्याकाळी जन्मली नाही. अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन या विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मे १९५४ मध्येच त्यांनी महापौरांना पत्र लिहून कळवले होते की वागणूक सुधारली नाही तर बसवर बहिष्कार घालण्याचा विचार लोकांत चालू आहे. पार्क्स यांच्या अटकेची बातमी कळताच त्याच रात्री त्या कॉलेजात गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांना हाताशी धरून पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइलवर पत्रके काढली. कागद वाचावा म्हणून एका पानावर तीन पत्रके छापून ती कापली. सकाळी स्वतःचे तास घेता घेता शाळा, दुकाने, केशकर्तनालये यांतून ती हजारो पत्रके पोहोचवली. बस सोमवारी, ५ डिसेंबरला टाळायची होती. किंग यांची निवड झाली ती त्या सोमवारी दुपारी, बस रिकाम्या धावू लागल्यानंतर. तेव्हा ते २६ वर्षांचे होते.

एक दिवस बस टाळणे सोपे असते. खरी परीक्षा पुढे होती. पहिल्या दिवसांत कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसइतकेच, म्हणजे १० सेंट भाडे घेतले. नगर प्रशासनाने लगेच कायद्यावर बोट ठेवले: टॅक्सीचे किमान भाडे ४५ सेंट. मग लुइझियानातील बॅटन रूज शहराचा अनुभव कामी आला. तिथे १९५३ साली असाच छोटा बहिष्कार झाला होता आणि खासगी मोटारींची सामाईक व्यवस्था उभी राहिली होती. माँटगोमेरीत सुमारे ३०० मोटारी जमल्या. कुठून कुठे, किती वाजता, कोणाची गाडी, याची आखणी झाली. उतारूंना घेण्याच्या व सोडण्याच्या जागा ठरल्या. पुढे चर्चच्या नावाने स्टेशन वॅगन गाड्या घेतल्या गेल्या. त्यांचा विमा स्थानिक कंपन्यांनी रद्द केला, तेव्हा तो थेट लंडनच्या लॉइड्समार्फत उतरवला गेला. बाकीची माणसे चालली. काही गोऱ्या गृहिणी मोलकरणींना आपल्या गाडीतून आणू लागल्या, तेव्हा महापौरांनी त्यांना तसे न करण्याचे जाहीर आवाहन केले. त्या गृहिणींमध्ये सहानुभूती किती आणि घरकामाची अडचण किती, हे ठरवणे कठीण आहे.

पेट्रोलचा पैसा कुठून आला? देशभरातून देणग्या आल्या हे खरे, पण मला अधिक मोलाची वाटते ती जॉर्जिया गिलमोर यांची गोष्ट. त्या एका उपाहारगृहात स्वयंपाकीण होत्या. त्यांनी काही बायकांना एकत्र केले. या बायका घरी पदार्थ करून विकत आणि पैसे सभेत आणून देत. गटाचे नाव होते 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'कुठलाच नाही' असा क्लब. पैसे कुठून आले असे विचारले तर 'कुठूनच नाही' म्हणता यावे, देणाऱ्याची आणि रांधणारीची नोकरी वाचावी, हा हेतू. खुद्द गिलमोर यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. मग त्या स्वतःच्या घरी जेवण करून घालू लागल्या.

इथे एक शब्द आडवा येतो. मराठीत 'बहिष्कार' म्हटले की आधी गावाने एखाद्याला वाळीत टाकणे आठवते. ते बळवंताचे हत्यार. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, त्यात या शब्दाचा सगळा इतिहास आहे. अमेरिकेतही तोच पेच होता. दक्षिणेतील गोऱ्यांच्या 'सिटिझन्स कौन्सिल' या संघटना हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांची नोकरी, कर्ज, उधारी बंद करून आर्थिक कोंडी करत. आपण तेच तर करत नाही ना, हा प्रश्न किंग यांना पडला होता. 'स्ट्राइड टोवर्ड फ्रीडम' या पुस्तकात त्यांनी उत्तर दिले आहे: बस कंपनीला बुडवणे हा हेतू नाही, अन्यायाला आपले सहकार्य काढून घेणे हा आहे. १९५९ साली ते भारतात आले, मुंबईत मणिभवनात राहिले. असहकार या शब्दाचे ऋण त्यांनी कधी लपवले नाही.

पण चालून, पैसे जमवून, बॉम्बहल्ले सोसूनही प्रश्न सुटला नाही. पहिल्या मागण्या किती माफक होत्या ते पाहा: सौजन्याची वागणूक, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील मार्गांवर कृष्णवर्णीय चालक, आणि गोऱ्यांनी पुढून व कृष्णवर्णीयांनी मागून, येईल तसे बसावे. म्हणजे विभागणी राहणारच होती. तेवढेही मान्य झाले नाही, म्हणून लढा वाढला. ३० जानेवारी १९५६ रोजी किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला आणि दोन दिवसांनी वकील फ्रेड ग्रे यांनी संघराज्याच्या न्यायालयात थेट विभागणीलाच आव्हान दिले. पार्क्स यांचा फौजदारी खटला राज्याच्या न्यायालयांत रेंगाळणार होता, म्हणून या दाव्यात त्यांचे नाव नव्हते. शेवटी चार फिर्यादी राहिल्या: ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅक्डॉनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन.

शेवटचे नाव आपल्या गोष्टीत नसते. कॉल्विन १५ वर्षांची शाळकरी मुलगी होती. पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी तिने जागा सोडली नाही आणि पोलिसांनी तिला हातकड्या घालून नेले. पुढाऱ्यांनी तिच्या खटल्यावर चळवळ उभारण्याचा विचार केला आणि सोडून दिला. वय लहान, घर गरीब. शिवाय अपिलात विभागणीचा कायदा मोडल्याचा आरोपच वगळला गेला आणि पोलिसाला मारहाण केल्याचा तेवढा उरला, त्यामुळे कायद्याला आव्हान द्यायला जागाच राहिली नाही. पुढे ती गरोदर राहिली आणि उरलीसुरली शक्यता मावळली. पुढाऱ्यांचा हिशेब व्यवहाराचा होता, तो चुकला असे मी म्हणणार नाही. पण दाव्यात साक्ष द्यायला तीच उभी राहिली.

५ जून १९५६ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक असा तिच्या बाजूने निकाल दिला. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने मोटारींच्या व्यवस्थेवर मनाई हुकूम काढला होता. निकालाची प्रत पोहोचेपर्यंतचे शेवटचे आठवडे लोक पुन्हा पायीच चालले. २१ डिसेंबरला ते बसमध्ये चढले, आणि पुढल्या काही दिवसांतच त्या बसवर गोळ्या झाडल्या गेल्या. पार्क्स यांची नोकरी आधीच गेली होती. १९५७ साली त्यांनी शहर सोडून डेट्रॉइट गाठले. कॉल्विन न्यूयॉर्कला गेल्या आणि शुश्रूषागृहात रुग्णांची सेवा करत राहिल्या. त्यांच्या नावावरची ती नोंद अलाबामातील न्यायालयाने पुसली २०२१ साली, त्यांच्या वयाच्या ८२व्या वर्षी.

ती प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी आता कुठे असते, मला ठाऊक नाही. भेटली तर तिला सांगेन: काही सामाईक मोटारीतून गेले, काही चालत, आणि बरेचसे कुणीतरी रात्री जागून लाटलेल्या, भाजलेल्या, विकलेल्या पदार्थांच्या पैशावर.