शाई संपत आली; कळावे

लोणी म्हटले की पुणेकराला लोणी काळभोर आठवते आणि नगरकडच्या माणसाला प्रवरेचे लोणी. आमचे लोणी तिसरेच. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडचा हा लोणी-धामणीचा कोरडवाहू पट्टा. जरा वेगळे काही घ्यायचे झाले की मंचर गाठावे लागते. तेथल्या आमच्या घरी थोरल्या बंधूंनी तीन वर्षांपूर्वी प्रिंटर आणला आणि माजघराला कचेरीची कळा आली. पीककर्जाला सातबारा हवा, पोराचा प्रवेशअर्ज हवा, की मंडळी येतात आणि वहिनी छापून देतात.

गेल्या जूनमध्ये एका मुलाच्या वसतिगृहाच्या अर्जाची अखेरची तारीख होती. दुसरे पान निम्मे उमटले आणि शाई संपली. मुलाच्या बापाने दिवसाचा रोज बुडवून मंचर गाठले, तेव्हा कुठे अर्ज वेळेत गेला. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, माणूससुद्धा मरताना पाणी मागतो. हे यंत्र तेवढेही बोलत नाही!"

ते बोलू शकते, हे माझ्या पुतणीने दाखवले. ती मंचरला कॉलेजात शिकते, एस्टीने जाते-येते. शाई उतरली, कागद अडकला, की प्रिंटरने आपणहून ई-मेल पाठवावी, अशी व्यवस्था तिने एका रविवारी करून दिली.

ही हौस आजची नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये फेरफार केला होता. काम छापून झाले की यंत्र त्या माणसाला संगणकावर निरोप देई. कागद अडकला की वाट पाहणाऱ्या साऱ्यांना कळवी. १९८०च्या सुमारास झेरॉक्स ९७०० हा नवा प्रिंटर आला. तो बहुतेकांच्या मजल्यापासून दूर, म्हणजे निरोपाची गरज अधिकच. पण त्याच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता काही मिळेना. ती चीड स्टॉलमनच्या मनातून गेली नाही. १९८३ साली त्याने मुक्त सॉफ्टवेअरची 'ग्नू' योजना जाहीर केली, तिच्या मुळाशी हा अडकलेला कागदही आहे. आमच्या वहिनींची तक्रार अशी मोठ्या घराण्यातली निघाली!

आता कृती. प्रिंटर घरच्या वायफायला जोडला की त्याला आकड्यांचा एक पत्ता मिळतो. तो यंत्राच्या पडद्यावर दिसतो. हा पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये लिहिला की प्रिंटरच्या पोटातले पान उघडते, आणि त्यात ई-मेल सूचनांची जागा सापडते. स्वस्त यंत्रांत ती पुष्कळदा नसते, तेथे कंपनीच्या ॲपवर भिस्त. म्हणून खरेदीच्या वेळीच विचारावे. मग पत्र कोणाला, कशाबद्दल आणि कोणत्या टपालघरातून, एवढे सांगायचे. जीमेल असेल तर टपालघर 'एसएमटीपी.जीमेल.कॉम' आणि पोर्ट ५८७.

खरी ठेच लागते ती पासवर्डपाशी. खात्याचा नेहमीचा पासवर्ड अशा यंत्राला देण्याची वाट गूगलने मे २०२२मध्ये बंद केली. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' घ्यावा लागतो. हा पासवर्ड म्हणजे साऱ्या टपालाची किल्ली. तेव्हा प्रिंटरसाठी निराळे खाते काढावे हे उत्तम. शिवाय खात्याचा मूळ पासवर्ड बदलला की ही किल्ली रद्द होते, आणि पत्रे गुपचूप बंद पडतात. प्रिंटर बिचारा त्याची दाद कोणाकडे मागणार?

सगळ्याच सूचना चालू करू नयेत. पुतणीने शाई आणि अडकलेला कागद एवढ्या दोनच ठेवल्या आहेत. रोज दहा पत्रे आली तर अकरावे कोणी वाचत नाही, हा आम्हा मास्तरांचा परिपत्रकांबाबतचा जुना अनुभव आहे. पत्रे इंग्रजीत येतात आणि भलतीच कोरडी. सा. न. वि. वि. नाही, कळावे नाही, लोभ असावा तर नाहीच नाही.

श्रावणात पहिले उपयोगी पत्र आले. पुतणी मंचरच्या स्टँडवर एस्टीची वाट पाहत होती. काळी शाई उतरल्याचे वाचून ती तशीच बाजारात गेली, बाटली घेतली आणि पुढच्या गाडीने घरी आली. दुसऱ्या दिवशी माजघरात सातबाऱ्यासाठी सात माणसे बसली होती.

वहिनींचा मात्र पुरता विश्वास बसलेला नाही. इंटरनेटची तार तुटली तरी यंत्र छापत राहते, पण त्याचे पत्र निघत नाही, हे त्यांनी आपणच ताडले. पत्र आले नाही म्हणजे सर्व क्षेम आहे, असे त्या धरत नाहीत. काळ्या शाईची एक बाटली त्यांनी फडताळात, लोणच्याच्या बरणीमागे ठेवली आहे. ती तेथे आहे हे पुतणीला अजून ठाऊक नाही.