सुरमेदानीत धातू आहे की धातुसदृश?

आठवीच्या विज्ञानात धातू-अधातूंचा धडा येतो आणि दहावीत संपूर्ण आवर्तसारणी. धातू चमकतो, ठोकला की त्याचा पत्रा होतो, ओढला की तार होते, वीज आणि उष्णता तो सहज वाहून नेतो. स्थायुरूप अधातू बहुधा ठिसूळ व निस्तेज असतो आणि वीज नीट वाहून नेत नाही. धातुसदृश या दोघांच्या मधला. मुले हे पाठ करतात, गुणही मिळवतात. पण ठाणे-कल्याण भागातील आमच्या वर्गांत आम्ही शिक्षक विचारतो, "यांपैकी तुमच्या घरात काय आहे?" तेव्हा उत्तरे तांब्याची देग, लोखंडी तवा, अम्मीच्या बांगड्या यांवर थांबतात. सुरमेदानीचे नाव कुणी घेत नाही.

हदीसच्या किताबांत 'इस्मिद' या सुरम्याचा उल्लेख येतो. इस्मिद म्हणजे साधारणपणे अँटिमनीचा दगड मानतात. अँटिमनीचा अणुअंक ५१, गण १५. या गणात वरून खाली पाहा : नायट्रोजन, फॉस्फरस अधातू, आर्सेनिक (म्हणजे सोमल) व अँटिमनी धातुसदृश, त्याखाली बिस्मथ धातू. अँटिमनी धातूसारखे चमकते, पण हातोडीच्या घावाने पत्रा न होता तुकडे होतात. गंधक या अधातूशी त्याचा संयोग होऊन जो दगड बनतो, तो करडा, चमकदार, सुईसारख्या स्फटिकांचा असतो.

आता दुसरा दगड पाहू. त्याचे नाव गॅलिना. यात गंधकाबरोबर शिसे असते. शिशाचा अणुअंक ८२, गण १४, आणि तो पक्का धातू. गॅलिनाही करडा आणि चमकदार, पण फोडला की चौकोनी तुकडे पडतात आणि हातात जास्त जड लागतो. अखंड दगड असेल तर जाणकार फरक ओळखतो. दळून बारीक भुकटी केली, की डोळ्यांना दोन्ही सारखेच. चमक पाहून मूलद्रव्य ओळखता येत नाही, हे वर्गातही सांगतो : आयोडीन अधातू असून चमकते आणि पारा धातू असून वाहतो.

जगात अनेक ठिकाणी बाजारातला सुरमा प्रयोगशाळेत तपासला गेला आणि त्यात अँटिमनीऐवजी शिसे आढळले. काही नमुन्यांत तर बहुतांश भाग शिशाच्याच संयुगाचा होता. मुंब्रा-कौशापासून कल्याणच्या बाजारापर्यंत अत्तर-टोपीच्या दुकानात मिळणाऱ्या डबीत काय आहे, हे नुसत्या नावावरून कळत नाही.

शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते, हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर परिणाम करते. अभ्यासात मागे पडणे, चिडचिड, रक्त कमी होणे ही त्याची लक्षणे असू शकतात. मोठ्यांपेक्षा मुलांचे शरीर शिसे जास्त शोषते. बाळ डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते. डोळ्यांतले पाणीही नाकावाटे घशात उतरते. रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अँटिमनीची संयुगेही अगदी निर्धोक नाहीत.

दादी-नानी प्रेमाने आणि नजर लागू नये म्हणून सुरमा लावतात. त्यांच्याशी वाद घालू नये, अदबीने समजावावे. सुन्नतचा आदर इस्मिदशी जोडलेला आहे. इस्मिदच्या नावाने विकल्या जाणाऱ्या शिशाशी नाही. लेकराला इजा होऊ न देणे हीदेखील दीनचीच शिकवण आहे.

म्हणून तान्ह्या बाळाच्या आणि लहान मुलांच्या डोळ्यांत काहीही घालू नये. मोठ्यांनी सुरमा घेताना दुकानदाराकडे प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागावा. 'शिसेमुक्त' एवढा शब्द पुरेसा नाही. गर्भवती आणि दूध पाजणाऱ्या भगिनींनी तो टाळावा. मुलाला बराच काळ सुरमा लावला असेल, तर डॉक्टरांना तसे सांगून रक्तातील शिशाच्या तपासणीबद्दल विचारावे. आणि घरात आठवी-दहावीचे मूल असेल, तर आवर्तसारणीत ५१ आणि ८२ कुठे आहेत, हे त्यालाच सर्वांना दाखवायला सांगावे.