वाफ अडवणारा डबा

१९२०च्या दशकात लिबियाच्या वाळवंटात मोटार घेऊन जाणाऱ्याला सगळं पाणी सोबत न्यावं लागे. त्या पाण्याला वाटेकरी दोन: माणसं आणि इंजिन.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पाणी फिरवायला पंप नव्हता. इंजिनात तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढे, रेडिएटरच्या नळ्यांतून उतरताना निवे आणि पुन्हा इंजिनाकडे येई. रचना साधी, सहसा न बिघडणारी. पण मऊ वाळूत ती अपुरी पडे. चाकं रुतली की इंजिन पूर्ण ताकदीनं चाले, गाडी मात्र जेमतेम सरके. त्यात वारा पाठीमागून असला, तर रेडिएटरमधून पुरेशी हवा जात नसे. पाणी उकळे आणि वाफ नळीतून बाहेर निघून जाई.

खरं तर हे उकळणं इंजिनाच्या पथ्यावरच पडणारं होतं. शून्य अंशाचं पाणी उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ होताना शोषली जाते. नुकसान होतं ते पाणी गमावण्यात.

ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅग्नोल्ड यांच्या मोहिमांनी हेच नुकसान थांबवलं. पहिल्या महायुद्धात इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात गस्त घालणाऱ्या मोटार तुकड्यांची युक्ती त्यांनी उचलली. रेडिएटरची वाफ नळीनं गाडीला बाहेरून बसवलेल्या, अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या डब्यात सोडायची. तिथे तिचं पुन्हा पाणी होई. डब्यातलं पाणीही उकळू लागलं की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. रेडिएटर निवताच आत पोकळी तयार होई आणि डब्यातलं पाणी आपोआप परत खेचलं जाई. सांधे मात्र हवाबंद हवेत.

१९४० साली बॅग्नोल्ड यांनी उभारलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’च्या ट्रकांवरही असे डबे होते.

आजच्या मोटारीत रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे कूलंट शंभर अंशांपुढेही उकळत नाही. अनेक गाड्यांत तापून फुगलेलं कूलंट शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जातं आणि इंजिन निवल्यावर परत ओढलं जातं. म्हणूनच घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, तर इंजिन बंद करून थांबावं. झाकणाला हात लावू नये. दाब सुटताच ते कूलंट एकदम उकळतं आणि अंगावर उसळतं.