अग्रीमेंट त्याच्या नावावर, मग आई-लेकरानं राहायचं कुठे?

घर भाड्याचं असेल तर भांडण टोकाला गेल्यावर एक वाक्य हमखास येतं: ‘अग्रीमेंट माझ्या नावावर आहे, तू निघ.’ ते ऐकून कितीतरी बायका पोराला कडेवर घेऊन रातोरात माहेर गाठतात. त्या वाक्यात वाटतं तेवढं बळ नाही, हे त्या घटकेला सांगणारं जवळ कुणी नसतं. म्हणून सगळं सावकाश, एकेक करून बघू.

इथे दोन नाती आहेत आणि ती वेगळी ठेवली की निम्मा गोंधळ संपतो. एक नातं नवरा-बायकोचं, दुसरं घरमालकाशी.

पहिल्या नात्यात कायदा तुमच्या बाजूला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा ‘सामायिक घर’ म्हणतो, त्यात भाड्याचं घरही येतं, मग कागदावर नाव दोघांचं असो की एकट्या नवऱ्याचं. त्या घरात राहण्याचा हक्क कलम १७ देतं. हिंसा म्हणजे फक्त मारहाण, असंही नाही. राहत्या घराचं भाडं भरणं मुद्दाम बंद करणं हा याच कायद्यात आर्थिक छळ आहे. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतात, त्याच घराचं भाडं भरायला लावू शकतात किंवा तशाच दर्जाचं दुसरं घर घेऊन देण्याचा, नाहीतर त्याचं भाडं देण्याचा आदेश देऊ शकतात. लग्न न करता संसार थाटलेल्या जोडप्यातल्या बाईलाही, नातं लग्नासारखं असेल तर, हे दार उघडं आहे. आणि तुम्ही आधीच माहेरी गेला असाल तरी हक्क बुडत नाही. त्या घरात प्रत्यक्ष राहत असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. अर्जही माहेरच्या गावी करता येतो. संसार पुण्यात आणि आसरा साताऱ्यात असेल तर साताऱ्याच्या कोर्टात.

आता दुसरं नातं, आणि बहुतेकांची फसगत होते ती इथेच. नवऱ्याविरुद्ध मिळालेला हक्क घरमालकाला कायमचा बांधत नाही. आपल्याकडे बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवर असतात. मुदत संपली की घर रिकामं करून द्यावं लागतं. नाही केलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम मागितली जाऊ शकते. पागडीच्या किंवा जुन्या भाडेकरारातल्या घराचं गणित निराळं आहे. तिथे नवरा सोडून गेला आणि मालकानं दावा लावला, तर घरात राहणारी बायको तो दावा लढू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल आहे. घटस्फोटानंतर मात्र हा आधार आपोआप राहत नाही, हुकूमनाम्यात घराबद्दल काय लिहिलंय त्यावर सगळं ठरतं. म्हणून घटस्फोट संमतीनं होत असला तरी घराचा मुद्दा कागदावर आल्याशिवाय सही करू नका.

तेव्हा पहिलं काम, कपाटातून अग्रीमेंट काढून त्याचे फोटो घ्या. त्यात मुदत संपण्याची तारीख बघा, डिपॉझिट किती ते बघा, नोटीस किती महिन्यांची आणि लॉक-इन आहे का तेही बघा. त्याच घरात राहायचं असेल आणि भाडं झेपणार असेल तर मालकाशी मुदत संपायच्या आधी बोला. घरातलं सगळं उकलून सांगायची गरज नाही. ‘पुढचं अग्रीमेंट माझ्या नावावर करू, भाडं माझ्या खात्यातून येईल’ एवढं पुरे. मालकाला चिंता असते ती भाडं वेळेवर मिळण्याची आणि घरात तमाशा न होण्याची. बोलणं झालं की तेच व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लिहून पाठवा. डिपॉझिटचंही तेव्हाच ठरवून घ्या. पैसे तुमच्या खात्यातून गेले असले तरी अग्रीमेंट त्याच्या नावावर असेल तर मालक ते त्यालाच परत करायला बघतो. बँकेचं स्टेटमेंट दाखवून जुनं डिपॉझिट नव्या अग्रीमेंटमध्ये वळवून घेता आलं तर उत्तम.

नव्या अग्रीमेंटचा सरकारी खर्च लोक समजतात तेवढा नाही. भाडं १८,००० आणि डिपॉझिट ५०,००० धरू. अकरा महिन्यांचं भाडं होतं १,९८,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरायचं, ते साधारण ४,६०० होतं. बेरजेच्या ०.२५ टक्के स्टॅम्प ड्यूटी, म्हणजे सुमारे ५०० रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. एजंटची फी काय ती वर. नोटरी केलेल्या कागदावर भागवू नका. अग्रीमेंट रजिस्टर करणं कायद्यानं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. पुढे मुलाच्या शाळेला आणि आधारवरचा पत्ता बदलायलाही हाच कागद कामी येतो.

कोर्टाची वाट धरायची तर वकिलाच्या फीला घाबरून थांबू नका. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी अर्ज भरून देतात, त्यांना पैसे द्यायचे नसतात. निकालाला वेळ लागतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं कायद्यात आहे, पण कोर्टातली गर्दी तेवढ्यात आवरत नाही. म्हणून अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात करा आणि त्यात भाड्याचा नेमका आकडा घाला. पोटगीच्या अर्जातही घरभाडं वेगळं दाखवा. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दोन्ही बाजूंना मालमत्ता-उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची असं ठरवून दिलं. तेव्हा अर्ज लांबवला की तेवढ्या महिन्यांचं भाडं तुमच्याच खिशातून जातं.

घरात थांबणं जिवावर बेतणारं असेल तर यातलं काहीही आधी नाही. निघा. १८१ वर फोन करा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये सर्वसाधारणपणे पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पुढच्या मुक्कामासाठी शक्ती सदन आहे. नोकरी करणाऱ्या आईसाठी सखी निवास, म्हणजे पूर्वीचं वर्किंग विमेन्स होस्टेल. तिथे मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत आणि मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत आईबरोबर राहू शकतो. जागा मोजक्या असतात, त्यामुळे नाव आधीच नोंदवून ठेवावं.

बापाच्या वाट्याला यातलं फार थोडं येतं. वरचा २००५ चा कायदा त्याला राहण्याचा हक्क देत नाही. मूल पाच वर्षांखालचं असेल तर हिंदू कायद्याप्रमाणे ताबा साधारणपणे आईकडे जातो. पण शनिवार-रविवार मूल त्याच्याकडे यायचं असेल तर कॉट बेसिसवर मित्रांमध्ये राहून चालणार नाही. ताब्याचा अर्ज करताना मूल झोपणार कुठे हा प्रश्न येतो. लहान का होईना, दार लावता येईल अशी खोली त्याच्या नावावर असलेली बरी.

घर शोधताना ‘फॅमिलीच हवी’ हे ब्रोकर ऐकवतील. आई आणि मूल हे कुटुंबच आहे, असं न कचरता सांगा. नवरा कुठे आहे ही चौकशी सोसायटीच्या कामाची नाही. तिला लागते ती अग्रीमेंटची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची पावती. मालकानं भाड्यानं दिलं म्हणून सोसायटी जो ज्यादा आकार लावते, तोही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही.

आणि मालक तयार असेल तर अकराऐवजी बावीस किंवा तेहतीस महिन्यांचं अग्रीमेंट मागा. मुदत संपण्याचा महिना मोजून घ्या. ती नोव्हेंबरात संपली तर सहामाही परीक्षेनंतर पोराला पुन्हा शाळा बदलावी लागेल. मेमध्ये संपेल असं बघा, मालकाला त्याचा वेगळा खर्च काही नाही.